१४७ नंबरचं दार

पंडितने पत्र्याचं दार सुरतेच्या आवास योजनेच्या ऑफिसात कारकुनाच्या टेबलाला टेकवलं आणि कपाळाचा घाम पुसला. दारावर लाल रंगात १४७ लिहिलेलं. गोडादऱ्याच्या झोपडपट्टीतून ते रिक्षाच्या टपावर बांधून आणलं होतं. लूमवर आजचा खाडा पडला तो वेगळाच.

"आ शुं लाव्या, काका?" महेशभाई कारकुनाने चष्मा वर केला.

"घर," पंडित म्हणाला. "मागल्या खेपेला तुम्हीच बोलले ना, सर्वेचा नंबर दाखवा? नंबर दारावर व्हता. बुलडोझर आला तव्हा बायकोने आधी दार सोडवलं, मग पोरं."

मागे उभ्या सुंदराबाईने मान हलवली. खरं होतं ते.

महेशभाई माणूस भला. लिंबायतच्या मराठी वस्तीत वर्षं काढून मराठी शिकलेला. त्याने फाइल उघडली आणि हळहळला. "नंबर बराबर छे. पण आमचा माणूस जागेवर जाऊन आला. शेरा आहे, घर आढळले नाही."

"कसं आढळेल? तुम्हीच पाडलं ना!"

"पाडणारं खातं वेगळं, काका. वरच्या मजल्यावर."

पंडितचा हा पाचवा खेटा. त्याने वैतागून दारावर हात आपटला. रांगेतले चारपाच जण तिकडे बघू लागले, जणू आतून कोणी ओ देणार होतं.

महेशभाईला दया आली. "थांबा. पुन्हा तपासणी टाकतो. दोघं दारापुढे उभे राहा." त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि एकेक रकाना मोठ्याने वाचत भरू लागला. "घर आढळलं? हो. दारावर नंबर? हो. भिंती?" त्याने दारामागे, ऑफिसच्या भिंतीवर नजर टाकली. "विटांच्या. छत?" मान वर केली. "स्लॅब. खोटं मी भरत नाही हं, आधीच सांगतो."

मोबाइल टुणकन वाजला. महेशभाईचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"अपात्र. तुमच्याकडे पक्कं घर आहे म्हणतंय."

"मग खोडा ना ते!"

"एकदा गेलं की खोडता येत नाही, काका. अपील करा. सहाएक महिने लागतात."

पंडित डोकं धरून मटकन खाली बसला.

सुंदराबाईने डोक्यावरच्या स्लॅबकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. दाराच्या अलीकडे चपला काढल्या, वळसा घालून आत गेली आणि फरशीवर ऐसपैस मांडी घातली.

"आहो, उठा. भांडाकुंडा लई या इथं," ती नवऱ्याला म्हणाली. मग पदर सावरून महेशभाईकडे वळली.

"भाऊ, इथं नळाला पाणी किती वाजता येतं?"