ऑर्नेलाची सहा पिंपं

"ही सहा पिंपं आमच्या सुनेची," दिर्चे म्हणाली आणि तिने डोळ्यांना रुमाल लावला. "ऑर्नेला. गेली बिचारी."

सोबतच्या चार डच पाहुण्यांसाठी तिच्या मुलाने, इव्हानोने, ते इंग्रजीत सांगितलं. आईचं 'गेली' त्याने कसं सांगितलं कोण जाणे, पण पाहुण्यांतल्या उंच बाईने छातीवर हात ठेवला, तिच्या नवऱ्याने टोपी काढली आणि दोघांनी विधुर इव्हानोचा हात दाबला. 'गेली' म्हणजे तीन महिन्यांपूर्वी बॅगा भरून माहेरी गेली, हे इटलीतल्या मोडेनाच्या त्या पोटमाळ्यावर मायलेकांनाच माहीत होतं.

आणि ऑर्नेलाला. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती.

ती पिंपं न्यायला आली होती. तिच्या जन्माच्या वर्षी बापाने द्राक्षांचा आटवलेला रस घालून त्यांत व्हिनेगर लावलं होतं. प्रत्येक पिंपावर तापल्या सळईने तिचं नाव डागलं होतं आणि लग्नात ती तिच्याबरोबर सासरी धाडली होती. बाप आता नव्हता, त्याचं अक्षर मात्र या लाकडावर होतं. याआधी चार वेळा ती येऊन गेली. चारही वेळा माळ्याची किल्ली हरवलेली होती. शनिवारी तिकीट काढून पाहुणे आले की ती बरोब्बर सापडायची.

दिर्चेने सगळ्यात लहान पिंपातलं काळंभोर व्हिनेगर चिनी मातीच्या चमच्यांत थेंब थेंब सोडलं. "पन्नास वर्षांचं आहे. माझी पोर होती हो ती, सून नव्हती."

तीस वर्षांत या बाईने 'ए' आणि 'तुझ्या त्या बायकोला सांग' यापलीकडे तिला काही म्हटलं नव्हतं. ऑर्नेलाचे कान तापले.

"कशानं गेली?" उंच बाईने विचारलं.

"तापट होती. रक्त डोक्यात चढलं," असं म्हणून दिर्चे वळली, आणि तिला जिन्यावर सून दिसली.

हातातला चमचा थांबला. हसू मात्र तसंच ठेवून ती गावच्या बोलीत म्हणाली, "कशाला तडमडलीस इथे? लाकूड असेल तुझ्या बापाचं. आत तीस वर्षं आमच्या मळ्यातला रस ओतलाय. रिकामी न्यायची तर ने."

रिकामं पिंप वाळतं, तडकतं आणि जळणात जातं. हे दोघींनाही ठाऊक होतं.

"आणि तो रस तीस हिवाळे या पिंपातून त्या पिंपात कोणी केला? तुमचे तर माझ्या लग्नाच्या दिवसापासून गुडघे दुखतायत, सासूबाई."

"हळू बोल. लोक आहेत."

"म्हणून तर आज आले."

"ह्या कोण?" उंच बाईने विचारलं.

इव्हानोने आईकडे पाहिलं. दिर्चेने तोंड उघडलं आणि ती तिथेच अडकली. सून म्हणावं, तर सून नुकतीच वारली होती.

"मी ऑर्नेलाची बहीण," ऑर्नेला स्वच्छ इटालियनमध्ये म्हणाली. इव्हानोला इंग्रजीत सांगताना काही गाळता येऊ नये म्हणून एकेक शब्द सावकाश. "जाताना तिने एकच सांगितलं. माझी पिंपं बाबांच्या घरी न्या. म्हणून आलेय."

इव्हानोने बायकोकडे पाहिलं. तीस वर्षांत तिचा एक शब्दही त्याने कुणापर्यंत धड पोचवला नव्हता. हे मात्र त्याने पाहुण्यांना सगळं सांगितलं.

"खोटारडी!" दिर्चे किंचाळली. "ती तर..."

चारही पाहुणे तिच्याकडे बघू लागले.

"ती काय, आई?" इव्हानोने विचारलं.

दिर्चेने रुमाल पुन्हा डोळ्यांना लावला.

ऑर्नेलाने कोटाच्या खिशातून सहा लाकडी बुचं काढली. पिंपांच्या तोंडावर नुसतं फडकं आणि त्यावर नदीतला गोटा असतो. तिने फडकं बाजूला केलं, बूच बसवलं आणि त्याच गोट्याने ठोकलं. सहाच्या सहा पिंपं बंद झाली.

डच पुरुषांनी बाह्या सारल्या. मयताला खांदा द्यावा तशा चेहऱ्याने त्यांनी एकेक पिंप जिन्यावरून उतरवलं. खाली टेम्पोशी उभ्या असलेल्या ऑर्नेलाच्या भावाला काही कळेना. त्याने आपली सिगारेट विझवली आणि टोपी काढली.

आता दिर्चेला खरंच रडू फुटलं. उंच बाईने तिला छातीशी धरलं. "किती जीव होता हो तुमचा तिच्यावर!"

शेवटचं, सगळ्यात लहान पिंप ऑर्नेलाने स्वतः उचललं. ती जिन्याशी पोचली तेव्हा दिर्चे त्या बाईच्या खांद्यावरून, बोलीत म्हणाली, "मेलीस तू मला."

"ते मघाशीच झालं की. आता वर्षाच्या वर्षी चर्चमध्ये माझ्या नावाचा मिस्सा तेवढा चुकवू नका."

आणि ती खाली उतरली.

"काय म्हणाल्या त्या?" उंच बाईने विचारलं.

"तिच्या नावाचा मिस्सा सांगा म्हणाली," इव्हानो म्हणाला.

"आम्हीही मेणबत्ती लावू. कधी गेली ती?"

खाली टेम्पो सुरू झाला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत इव्हानो ऐकत राहिला.

"आज," तो म्हणाला.