घसरणारं चित्र

"मॅडम, तुमचं चित्र खाली का पळतंय?"

भिंगरीने विचारलंच! शाळेने वर्गाला चित्रदालन बघायला आणलं होतं आणि तिघी मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारून दाखव म्हणून. आता त्या खांबाआड तोंडात रुमाल कोंबून उभ्या होत्या.

पण चित्र खरंच पळत होतं. चित्रकारबाई भल्यामोठ्या फळीवर निळा रंग थापत होत्या. ब्रशने नव्हे, पत्र्याच्या पट्टीने, चांगला चार बोटं जाड. त्यात ना झाड ना माणूस, नुसते रंगाचे डोंगर. एकेक डोंगर उभा राही आणि गपकन खाली बसे.

"सकाळपासून हेच चाललंय," बाईंनी घाम पुसला. कपाळही निळं झालं. "संध्याकाळी प्रदर्शन उघडायचंय. तुला सुचतोय काही उपाय?"

उपाय भिंगरीने झोपेतही सांगितला असता. तिचे बाबा गवंडी. भिंतीवर गिलावा कसा धरतो, ते ती रांगत होती तेव्हापासून बघत आलेली. पण मैत्रिणींना तिने ऐटीत सांगून ठेवलं होतं, बाबा इंजिनिअर आहेत. तोंड उघडलं की बिंग फुटणार. खांबाआड सहा कान टवकारलेले.

धप्! आणखी एक डोंगर कोसळला. भिंगरीला राहवेना.

"अहो, एकदम थापू नका! आधी पातळ थर द्या. तो सुकून आवळत आला की खिळ्याने ओरखडा, उभाआडवा. मग वरचा थर धरतो. गुळगुळीतावर काय धरणार, कप्पाळ?"

बाईंनी खिळा तिच्याच हातात दिला. पंख्याच्या वाऱ्यावर तासाभरात निळा डोंगर उभा राहिला, तो राहिलाच.

"कुणी शिकवलं गं तुला हे?"

"माझ्या बाबांनी," भिंगरी खांबाकडे बघत खणखणीत म्हणाली. "गवंडी आहेत ते."

मग खांबाआडून कडक शिट्टी आली.

घरी तिचे निळे हात बघून आईने डोळे मोठे केले. "अगं, हा काय अवतार!"

"चित्रकारबाई म्हणाल्या, दर रविवारी माझ्याकडे शिकायला ये."

"मग जा की, पोरी!" बाबा खुलले.

"छे! मी ठरवलंय, नाही जायचं."

दोघांचे चेहरे पडले.

"मी म्हटलं, मॅडम, शिकायचंच तर दोघीही माझ्या बाबांकडे शिकू. रविवारी आठला तुमच्या कामावर येतोय, बाबा. दोन थाप्या जादा ठेवा!"