मागच्या खोलीतला पंखा

“भर दुपारी न्हाणीघरात दिवा! हे घर आहे की कापडाचं दुकान?”

आई खुर्चीतून ताडकन उठली, दिव्याचं बटण बंद केलं आणि परत फिरता फिरता नळही आवळला. टपटप थांबली.

“विसरलो गं,” बाबा म्हणाले.

लेकीने अजून पिशवीही खाली ठेवली नव्हती. दारातच बाबांनी मोठ्याने पुकारा केला होता, “अगं, बघ कोण आलंय! लेक आली आपली!” जणू अख्ख्या इमारतीला सांगायचं होतं. आईने हसून तिचा हात हातात घेतला होता आणि तेवढ्यात तो दिवा दिसला.

फोनवर दादा म्हणाला होता, “बाबांचं काही खरं नाही. रिकाम्या खोल्यांत पंखे गरगरतात, नळ ठिबकत असतात, फ्रिजचं दार सताड उघडं. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस हा! तू एकदा डोळ्यांनी बघ. तसंच असेल, तर बाबा माझ्याकडे आणि आई तुझ्याकडे. दोघं एकत्र तुझ्याही घरात मावणार नाहीत आणि माझ्याही.”

बघायलाच ती आली होती. संध्याकाळी त्याला काय ते सांगायचं होतं.

स्वयंपाक बाबा करत होते.

“तुम्ही? कधीपासून?”

“तिने जन्मभर केला. आता मला शिकू दे की.” त्यांनी शर्टाच्या खिशातून लायटर काढला, शेगडी पेटवली आणि लायटर पुन्हा खिशात टाकला.

“झाकण ठेवा,” आईने मागून सांगितलं. थोड्या वेळाने म्हणाली, “करा आता बंद. भांडं तापलंय, आपलं आपण शिजेल.”

बाबांनी शेगडी बंद केली आणि खाली वाकून सिलिंडरचं बटणही फिरवलं. एवढं बरं लक्षात राहतं, लेकीच्या मनात आलं. पुढच्याच क्षणी ते फ्रिज उघडून त्यासमोर नुसतेच उभे राहिले.

“अहो, विचार करून फ्रिज उघडावा. उघडून विचार करू नये!”

लेकीला हसू आवरेना. हे वाक्य ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना आणि कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला. खोलीतून शेवटी बाहेर पडेल त्याने बटणं बघायची. घरात सगळ्यांवर हा कायदा होता आणि पोलीस एकच.

जेवण झाल्यावर आई खिडकीशी बसली. बोटांनी उशीच्या अभ्र्याची शिवण उसवत राहिली. अभ्रा एका बाजूने पार सुटला होता. मग मागच्या खोलीतून पंख्याची घरघर ऐकू आली. आईची बोटं थांबली, डोळे चमकले. “लावलात ना पुन्हा? रिकाम्या खोलीला वारा घालताय?” ती लगबगीने उठली. येताना तिने लेकीच्या फोनची वायरही भिंतीतून उपसली. “फोन भरला की काढावं हे. उगाच वीज पीत बसतं.”

बाबा आईकडे कौतुकाने बघत होते. चूक पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो, पण लेकीने ते मनावर घेतलं नाही.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “डॉक्टरांना दाखवू या का? तुमचं हे विसरणं...”

“दाखवू की. वय झालं माझं.” ते जराही चिडले नाहीत. मग गॅलरीत तिच्या शेजारी उभं राहून, रस्त्याकडे बघत म्हणाले, “फक्त आम्हाला वेगळं करू नका. बघतेस ना, कशी माझ्या मागोमाग असते? तेवढ्यावर चाललंय.”

तिने तिथूनच दादाला फोन लावला. “आई खमकी आहे रे. तिच्या नजरेतून एक बटण सुटत नाही. ती आहे तोवर बाबांची काळजी नाही. राहू दे दोघांना इथेच.”

बाबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

निघताना बाबांनी केलेला चहा आईने तिला दिला तो सोनेरी काठाच्या कपातून. तो कप घरच्यांसाठी कधी फळीवरून खाली निघाला नव्हता. लेकीला भरून आलं. बाहेर पडताना तिने दाराजवळचा दिवा आठवणीने बंद केला. आईने समाधानाने मान हलवली.

खाली फाटकापाशी तिला वायर आठवली. आत टेबलावरच राहिली होती. ती जिने चढून परत आली. दार नुसतं लोटलेलं होतं.

बाबा न्हाणीघराच्या दारात उभे होते. त्यांनी दिवा लावला. नळ किंचित सैल केला, कान देऊन ऐकलं, अजून थोडा सैल केला. टपटप सुरू झाली. मग मागच्या खोलीत जाऊन त्यांनी पंखा लावला. रोजचं काम करणाऱ्या माणसासारखे सावकाश, नीट. येऊन ते आईशेजारी बसले आणि वाट बघू लागले.

खिडकीशी आईची बोटं अभ्रा उसवत होती. ती थांबली.

“अहो! पंखा!”

“विसरलो गं.”

आई उठली, सगळं बंद करून आली आणि टवटवीत चेहऱ्याने पुन्हा खुर्चीत टेकली.

“ती मघाची बाई मात्र गुणाची हो,” ती म्हणाली. “जाताना आपणहून दिवा बंद करून गेली. कोण होती ती?”