उशाखालचं पपनस

“तुझी माणसं आली की माझ्या पायांवरच बसतात,” सातवीताई पुटपुटली. “पाय आहेत ते, बाकडं नव्हे.”

एका खाटेवर दोघी. थोआचं डोकं खिडकीकडे, सातवीताईचं (जन्मक्रमावरून पडलेलं नाव) दाराकडे. एकीची पावलं दुसरीच्या कानाशी. व्हिएतनाममधल्या कान्थोच्या त्या इस्पितळात खाटेवर दोनच माणसं असली तर नशीब समजायचं. थोआने खुणावलं तसा तिचा मुलगा खिएम उठून उभा राहिला. तिचे थोरले भाऊ, खिएमचे मामा, मात्र जागचे हलले नाहीत.

थोआच्या पोटात गाठ होती. घरच्यांच्या बोलण्यात ती सूज होती. वॉर्डात आणताना खिएमने दारावरच्या पाटीसमोर छत्री उघडून धरली होती, छपराखाली, आणि वर ऊन फार आहे म्हणाला होता. संडासला जाता-येता ती पाटी तिला रोज वाचायला मिळत होती.

त्याहून झोंबत होता तो सगळ्यांचा गोडवा. लोआन, तिची मुलगी, एरवी मिठावरून भांडण काढणारी. ती आता पपनसाच्या फोडी सोलून आईला भरवत होती. एक अख्खं पपनस तिने सातवीताईलाही दिलं होतं, कानात काहीतरी सांगून. सातवीताई वर्षातून एकदा तपासणीला यायची आणि खाटेवरच्या सोबतिणीला आपल्या जावांच्या सगळ्या कागाळ्या ऐकवायची. ते पपनस उशाखाली गेल्यापासून तिच्या जावा एकदम गुणी झाल्या होत्या, एकही कागाळी नाही. सूज शब्द कानावर आला की ती भिंतीकडे तोंड करायची.

डॉक्टर थ्यु आल्या. नेहमीसारखं त्यांनी खिएमला दाराशी बोलावलं. दार खाटेपासून दोन हातांवर. बायोप्सी, मॅलिग्नंट, दुसरी स्टेज, एकेक शब्द खाटेपर्यंत येत राहिला. खिएम परतल्यावर थोआने अर्थ विचारले. बायोप्सी म्हणजे साधी तपासणी, तो म्हणाला. मॅलिग्नंट म्हणजे? म्हणजे जरा हट्टी सूज. आणि स्टेज? खिएमने मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, औषधांचे टप्पे असतात, तुला काय करायचंय.

थोआ खिएमकडे बघत राहिली. याच पोटातून बाहेर आला होता तो, आणि याच पोटाबद्दल तिला थापा मारत होता.

डॉक्टर अजून दाराशीच होत्या. त्यांनी पुन्हा एकदा समजावून पाहिलं. गाठ आहे तिथेच आहे, पसरलेली नाही, आत्ता काढली तर बरं होण्याची चांगली आशा आहे. मामांनी मान हलवली. असल्या दुखण्याला सुरी लागली की ते अंगभर धावतं, हे त्यांना डॉक्टरांनी शिकवायला नको होतं. पाल्याचा काढा सांगून ठेवलाय, होडी धक्क्याला लागलीय, आज घरी नेणार. लोआनने पिशवी भरायला घेतली होती.

थोआ उठून बसली.

“डॉक्टर, पोट कुणाचं आहे?”

डॉक्टरांनी खिएमकडे पाहिलं. खिएमने जमिनीकडे.

“त्याच्याकडे नका बघू. कापायचं का, हे तुम्ही माझ्या मुलाला विचारता. नको, असं माझा भाऊ सांगतो. मधे मी कुठे आहे? एवढ्या सगळ्यांना जे माहीत आहे, ते मला तोंडावर सांगेल असं कुणी आहे का इथे?”

आई, सूजच आहे गं, एवढं म्हणून लोआनने डोळे पुसले. डॉक्टर गळ्यातली नळी चाचपत राहिल्या.

सातवीताईने मामांच्या खालून आपले पाय ओढून काढले. उशाखाली हात घातला, न सोललेलं पपनस बाहेर घेतलं आणि लोआनच्या पिशवीत ठेवून दिलं. मग सगळ्यांच्या देखत सदरा वर केला. बेंबीपासून वर गेलेला लांब व्रण, जुना, पांढरा पडलेला.

“कॅन्सर आहे तुला, थोआ,” ती म्हणाली. “मलाही होता. याच डॉक्टरबाईंनी कापून काढला.”