उद्या आधी मनोऱ्याकडे

"उद्या आधी मनोऱ्याकडे," बोगुमिला बाथरूमच्या बंद दाराला सांगत होती. "मग चौकात. यंदा चौकात बर्फाचं रिंगण केलंय, दिवे-बिवे लावून. स्केटवर घसरायचं. ऐकतेस ना?"

"ऐकतेय, मावशी." कालिनाचा आवाज पाण्याच्या आवाजाखालून आला.

"मग गरम वाइन. आईला सांगू नकोस."

"आईनंच सांगितलंय प्यायला."

बोगुमिला हसली. दाराबाहेर स्टूल टाकून ती बटाटे सोलत होती. दुपार सरली नव्हती तोच खिडकीबाहेर अंधार पडला होता. स्पेनमधल्या मालागाच्या उन्हात वाढलेली बहिणीची पोर पोलंडमधल्या तोरुनच्या स्टेशनवर उतरली ती दात वाजवतच. म्हणून आल्या आल्या अंघोळ. म्हणून गॅसच्या गिझरची आच पुरती मोठी. आणि म्हणून…

गिझरच्या वर, छताला लागून, हवेची जाळी होती. तिच्यातून सगळा जानेवारी आत यायचा. बोगुमिलानं खांद्यावरची करडी शाल काढून जाळीत कोंबली होती. त्या इमारतीत सगळेच कोंबत. कुणी वर्तमानपत्रं, कुणी जुनी उशी. वर्षातून एकदा धुराडी साफ करणारा यायचा, त्या दिवशी सगळे काढून ठेवत. तो दर वेळी बजावायचा : गिझरच्या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो, त्याला वाट ठेवा. तो जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत जाळ्या पुन्हा बंद झालेल्या असत.

"मनोऱ्याचं ठाऊक आहे ना तुला?"

"वाकडा आहे."

"वाकडा आहे म्हणूनच. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवायची, हात समोर धरायचे. ज्याच्या माथी पाप, तो तोंडावर पडतो."

"तू पडलीस?"

"सगळेच पडतात गं. भिंतच कलती आहे. तुझी आई तर दोनदा पडली."

"दोनदाच?"

आतलं हसू अर्ध्यात थांबलं. मग, जरा वेळानं : "मावशी, डोकं दुखतंय."

"प्रवासाचं आहे. पडून राहा गरम पाण्यात."

बटाट्याची साल लांब, न तुटता खाली आली.

"मग आल्या-मधाचा केक. चौकातला नाही हं, तो पाहुण्यांना विकतात. मी घेते तिथला. मग नदीकाठी. बर्फाचे तुकडे वाहत येतात, एकमेकांवर आपटतात, बघत राहावंसं वाटतं. पण फार उभं राहायचं नाही. कमरेत गारठा भरला की…"

"हं."

"की उन्हाळ्यापर्यंत निघत नाही. मग घरी येऊन बीटचं सूप. मग…"

पाणी चालू होतं.

"झोपलीस की काय?"

बाहेरचं दार वाजलं. खालच्या मजल्यावरचा झेनोन पांढरे स्केट नाडीला धरून उभा होता.

"घ्या बाईसाहेब, तुमच्या स्पॅनिश राजकन्येसाठी. माझ्या मुलीचे आहेत, धार लावून आणलेत. पडली तर खापर माझ्यावर फोडू नका." त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "आज शाल कुठंय? मला वाटायचं, तुम्हाला एक दिवस पुरतीलसुद्धा त्या शालीसकटच."

बोगुमिला हातातल्या सुरीकडे पाहत राहिली.

मग ती बाथरूमच्या दाराकडे वळली.

"कालिना."

पाणी.

"कालिना, उद्या आधी मनोऱ्याकडे, मग कुठं? सांग बघू. मग कुठं?"

पाणी.

"ती आत आहे?" झेनोननं विचारलं. आणि लगेच, वेगळ्या आवाजात : "गिझर चालू आहे? शाल जाळीत आहे?"

तिनं मान हलवली. ती दारावर थापा मारू लागली, आधी बोटांनी, मग तळहातांनी, मग कपाळानं. झेनोननं तिला धरून बाजूला केलं आणि स्केटचं पातं दाराच्या फटीत घातलं. आतल्या कडीचा आकडा जुना होता, गंजलेला. पातं घसरलं. पुन्हा घातलं. लाकडाची चीर निघाली.

"खिडक्या उघडा. सगळ्या."

खिडक्यांच्या फटी तिनं हिवाळ्याच्या तोंडालाच कापसानं बुजवल्या होत्या. ती नखांनी कापूस उपटत राहिली. एक उघडली. दुसरी फुगून बसली होती, तिची काच तिनं पातेल्यानं फोडली. बर्फ आत आला. मागं आकडा पडल्याचा आवाज झाला, मग झेनोनची खोकल्याची उबळ, मग ओल्या पायांचं फरशीवरून ओढलं जाणं.

कालिनाचे गाल लाल होते. थंडीतून खेळून आलेल्या मुलीसारखे. बोगुमिलानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, अंगावर टेबलाची चादर घातली.

"मग चौकात," ती तिच्या कानात म्हणाली. "मग गरम वाइन. मग केक, मग नदी. कालिना, मग नदी."

बंबवाले आले, रुग्णवाहिका आली. कुणीतरी बोगुमिलाला उचलून बाजूला उभं केलं. पोरीच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढला. छाती हलत होती. डोळे मिटलेले होते. जिन्यावरून स्ट्रेचर उतरताना झेनोन मागोमाग तिचं नाव घेत गेला, प्रत्येक वळणावर एकदा.

एक तरुण बंबवाला बाथरूममधून बाहेर आला. त्याच्या हातात करडी शाल होती, काजळीनं एका बाजूनं काळी पडलेली.

"ही कुणाची?"

बोगुमिला भिंतीला पाठ लावून उभी होती. टाचाही भिंतीला टेकलेल्या. तिनं दोन्ही हात समोर धरले. त्यानं शाल त्यांवर ठेवली.

ती हळूहळू पुढं कलू लागली.

त्या घराची भिंत सरळ होती.