रिकामा रकाना

“नवऱ्याचं नाव?” एग्नेसने चौथ्यांदा विचारलं.

समोर उभ्या असलेल्या ताराने पदराचा काठ दातांत धरला आणि ती स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. बाकावरच्या बायका खुदकन हसल्या. एग्नेसच्या टाकावरची शाई पुन्हा वाळली.

एकोणीसशे एकवीसचा एप्रिल. नागपूरचं ऊन सकाळी नऊलाच अंगणात ठाण मांडून बसायचं. सक्करदऱ्याच्या तळ्याजवळच्या या बायकांच्या दवाखान्याला वाळ्याची ताटी होती, पण तिच्यावर कितीही पाणी मारलं तरी ती घटकेत कोरडी. स्कॉटलंडहून नर्स म्हणून येऊन एग्नेसला सहा महिने झाले होते. गळ्याभोवती घामोळं, साखरेत मुंग्या, दुपारपर्यंत नासलेलं दूध. तीन दिवसांचं औषध बायका एकदम पिऊन मोकळ्या व्हायच्या, लवकर बरं वाटावं म्हणून. हे सगळं ती दर महिन्याला डंडी शहरातल्या एका म्हातारीला लिहायची. आजही टेबलाच्या खणात अर्धवट पत्र होतं: माझ्याच्यानं आता होत नाही. जूनच्या बोटीने परत येते.

गेल्या आठवड्यात झालं ते मात्र तिला पत्रातही लिहवलं नव्हतं. एकाच गल्लीतल्या दोन तारा. एकीला हिवताप, दुसरीला पाचवा महिना. हिवतापाचं कोयनेल चुकून गरोदर ताराच्या हातात गेलं. कडू जहर लागलं म्हणून तिने पहिलाच घोट थुंकला, म्हणून निभावलं. त्याच दिवशी एग्नेसने पट्टी घेऊन रजिस्टरात नवा रकाना आखला. नवऱ्याचं नाव. आठ दिवस झाले, रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा.

“एक शब्द!” ती ओरडली. मुन्शींकडे शिकलेलं मराठी रागाने अडखळत होतं. “एक नाव तोंडातून काढायचं, त्यात एवढं जड काय आहे? पुन्हा बाटली बदलली तर? तुझं मूल गेलं तर?”

ताराचा हात पोटावर गेला. डोळे भरले. ओठ मात्र मिटलेलेच. एग्नेसने रजिस्टर धाडकन मिटलं.

“काहून रागावून राहिल्या, बाई?”

दारात कौशल्या उभी होती, दवाखान्यातली आया. लेकीच्या बाळंतपणाला खाप्याला गेली होती, ती आत्ताच परतत होती. तिने डोक्यावरचं गाठोडं उतरवलं, सगळी हकिगत ऐकली आणि कपाळावर हात मारला.

“असं कचेरीतल्या सायबासारखं विचारलं तं कोण सांगन? धन्याचं नाव का असं उघडं घेतेत? मानानं घ्या लागते.” मग ती ताराकडे वळली. “घे वं पोरी, नाव घे. बाईले ऐकू दे.”

ताराने पदर सोडला. मान वर केली. तिचा आवाज एकदम निराळाच निघाला, पहाटे जात्यावर निघतो तसा.

“सक्करदऱ्याच्या तळ्यात कमळ फुललं ताजं,
रुपरावांचं नाव घेते, सुखी राहो बाळ माझं.”

एग्नेस बघतच राहिली. तेवढ्यात बाकाच्या टोकाची हिवतापाची तारा कुणी न बोलावताच उठली.

“दोन तारा एका गल्लीत, ओळखावं कसं?
मारोतरावांचं नाव घेते, लिहून घ्या तसं.”

सगळा बाक हसला. एग्नेस लिहीत सुटली. एकीचं संपायच्या आत दुसरी उभी राहायची, शाईला वाळायला सवडच मिळेना. आठ दिवसांचा रिकामा रकाना अर्ध्या तासात खालच्या ओळीपर्यंत भरत आला.

“आता तुमी घ्या, बाई,” कुणीतरी म्हणालं.

“माझं लग्न झालं नाही.” हे तिचं नेहमीचं उत्तर होतं.

“मंग पेटीतल्या त्या फौजी माणसाचा फोटो रोज पुसून काहून ठेवता?” कौशल्याने विचारलं. एग्नेसची खोली तीच झाडायची.

हसू थांबलं.

लग्न सहा आठवड्यांवर आलं होतं, तेव्हा तो फ्रान्सच्या लढाईत पडला. त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ते नाव तिने एकदाही उच्चारलं नव्हतं. प्रार्थनेतसुद्धा नुसतं ‘तो’. एग्नेसने तोंड उघडलं. तिच्या नकळत ॲप्रनचा कोपरा तिच्या दातांत गेला.

मघाशी जिच्यावर ती ओरडली होती ती तारा, पोट सांभाळत, सावकाश जमिनीवर टेकली.

“घाई नाही, बाई,” ती म्हणाली. “आमी बसून राहिलो.”

एकेक करत बाकीच्याही खाली बसल्या. ताटीवरून पाणी ठिबकत होतं.

“सक्करदऱ्याच्या तळ्यात...” एग्नेस म्हणाली. पुढची ओळ तिला जुळवता आली नाही. “जेम्स.”

“जेमसराव!” कौशल्याने लगेच मान जोडून दिला. आणि सगळ्या बायकांनी माना डोलावल्या, घरच्या जावयाचं नाव निघाल्यासारख्या.

दुपारी एग्नेसने खणातलं पत्र काढून फाडलं. डंडीची ती म्हातारी म्हणजे जेम्सची आई; तीही चार वर्षं मुलाचं नाव न घालता पत्रं पाठवत होती. नव्या कागदावर एग्नेसने ऊन लिहिलं नाही, मुंग्या लिहिल्या नाहीत.

“आई,” तिने लिहिलं, “आज मी जेम्सचं नाव घेतलं. आता तुम्ही घ्या.”