चुकेल त्यानं चहा

"एकच क्वार्टेट आणि तबकड्या तीन. तेच रडगाणं तीनदा कशाला? एक ठेव, बाकीच्या देऊन टाकू," आई म्हणाली.

गेल्या महिन्यात बाबा गेले. तोवर ते आणि लेक आळीपाळीनं वेष्टन लपवून तबकडी लावत. चार तंतुवाद्यांसाठीची ती एकच रचना कोणत्या चौघांनी वाजवलीय, ते दुसऱ्यानं ओळखायचं. चुकेल त्यानं चहा करायचा.

"प्रत्येकीची तऱ्हा वेगळी आहे, आई. लाव कुठलीही. ओळखली, तर तिन्ही राहतील."

आईनं पाठमोरी होऊन एक लावली. चेलोची घाई ऐकताच लेक ठामपणे म्हणाली, "प्रागवाले."

"व्हिएन्नावाले. चेलोच्या नादी लागू नये, व्हिओला ऐकावा. तुझे बाबाही इथंच फसायचे."

"म्हणजे तू सगळं ऐकत होतीस?" लेकीनं विचारलं.

"तिन्ही राहू देत. जा, चहा टाक. उद्या तू लाव, मी ओळखते."